मनगटावरचा वास

"बघा बरं ताई, राहिलाय का?"

असं म्हणून वहिनी उजवं मनगट माझ्या नाकाखाली धरायच्या. मनगट ओलं, थंडगार, बांगड्या वर सारलेल्या. मी वाकून वास घ्यायचे आणि सांगायचे, "नाही राहिला." मग डावं मनगट. "याचाही गेला." एवढं ऐकलं की पदराला हात पुसत वहिनी पहिल्या मजल्यावर आपल्या घरी जायच्या आणि मी दुसऱ्या मजल्यावर माझ्या. हे सगळं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्या धुवायच्या नळापाशी चालायचं. वॉचमनने एकदा माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, मॅडम त्या काकूंचा हात का हुंगतात?" नवऱ्याने अजिबात न हसता सांगितलं, "डॉक्टर आहेत त्या." मी सकाळच्या शाळेत चौथीला मराठी शिकवते. त्या दिवसापासून वॉचमन मला गुडघेदुखीवर औषध विचारतो.

तुमच्याही जिन्यात तुम्ही वासावरून घरं ओळखत असाल. कुणाकडे बोंबील भाजलेत, कुणी लोणी कढवायला ठेवलंय, कुणाची फरशी आत्ताच पुसून झालीय. वहिनींच्या दारावरून जाताना मात्र काही म्हणजे काही कळायचं नाही. त्यांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या दादांना, दमा होता आणि तो सगळ्यात जास्त वासाने उसळायचा. त्यामुळे उदबत्ती, धूप, कापूर, फिनेल, पावडर, बाम, सगळ्यांना घरबंदी. पूजा नुसत्या निरांजनावर. देवाला जास्वंद, कारण तिला वास नसतो. दिवाळीला उटणं नाही, डाळीचं पीठ. फोडणीची वेळ झाली की वहिनी आतून हाक द्यायच्या, "अहो, फोडणी!" आणि दादा हातातला पेपर घेऊन मुकाट्याने पुढच्या गॅलरीत जायचे, मागे दार ओढून घ्यायचे. फोडणी थंड झाली की परत हाक, "या आता." आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना या हाकांवरून स्वयंपाकाच्या वेळा कळायच्या.

दादा साताऱ्याकडचे, पण नोकरीसाठी नाशकात आले ते इथलेच झाले. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले होते. बोलणं कमी, कारण बोलायलाही श्वास लागतो. वहिनी निफाडच्या, द्राक्षबागवाल्यांच्या घरातल्या. चण लहान, चाल भरभर, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय.

हे बिनवासाचं घर कसं झालं ते वहिनींनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. पहिल्या माहेरपणाहून परत येताना आईने केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून दिला. दमा आहे हे सासरच्यांनी लग्नाआधी सांगितलंच नव्हतं. नवी नवरी गजरा माळून खोलीत गेली, आणि थोड्याच वेळात दादांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. सासूबाई बाकावर बसून एवढंच म्हणाल्या, "तुला सांगायला पाहिजे होतं गं आम्ही."

"चिडल्या असत्या तर बरं झालं असतं हो," वहिनी म्हणाल्या. "चूक झाली म्हणून कान धरला असता. हे बघा ना, माझ्या गजऱ्याने माणूस जात होता."

त्यानंतर त्यांनी फूल म्हणून डोक्यात घातलं नाही. माहेरच्या लग्नातसुद्धा नाही. "घरी येईपर्यंत केसांत वास राहिला तर?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तर अशा बाईला मी कॉलेज रोडवरच्या परफ्यूमच्या दुकानात नेलं.

माझ्या भाचीच्या साखरपुड्यासाठी भेटवस्तू घ्यायची होती. तिथे नुकतंच एक दुकान निघालं होतं. काचेचं दार, पांढरे दिवे, मांडणीवर बाटल्याच बाटल्या, आणि दोघांच्या मिसळीला लागतात तेवढ्या पैशांत एक बाटली. मला वाटायचं परफ्यूम म्हणजे विमानतळावर घ्यायची चीज, इथे कॉलेजच्या पोरी पाणीपुरी खाऊन येऊन घेत होत्या. वहिनी दाराबाहेरच थांबल्या. मी म्हटलं, "अहो, ऊन काय मरणाचं आहे, आत एसी आहे, चला." त्या आल्या, पण पदर नाकाला लावून.

काउंटरवरच्या मुलीने कागदाची पट्टी पुढे केली. "ट्राय करा ना मॅम, फ्री आहे." वहिनींनी ती हातभर लांब धरली. मग वीतभर. मग पदर केव्हा खाली आला त्यांनाही कळलं नाही.

"हे काय आहे हो?"

"व्हाइट टी अँड मस्क, मॅम."

"चहा? ह्याला चहा म्हणतात? मग आम्ही घरी काय उकळतो?"

मुलगी हसली. मी भाचीची बाटली निवडून, बांधून घेऊन मोकळी झाले तरी वहिनींच्या पट्ट्या चालूच होत्या. प्रत्येक वासाला त्यांच्याकडे नाव तयार. व्हॅनिला म्हणजे बेकरीतून गरम नानकटाईचा डबा घरी आणताना येतो तो. समुद्राच्या नावाचा कुठलासा निळा, तो "नवीन फ्रीज पहिल्यांदा उघडल्यावर येतो तो". द्राक्षाच्या मेणबत्तीवर तर त्या भडकल्याच. "द्राक्षाला असा वास कधी येतो का? लहान मुलांच्या खोकल्याचं औषध आहे हे! निफाडची आहे मी, मला सांगू नका." नाक थकलं की हुंगायला कॉफीच्या बिया देतात तिथे. वहिनी म्हणाल्या, "वास कसला देता, कप द्या." मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेवढ्यात त्या पोरीने उत्साहाच्या भरात वहिनींच्या मनगटांवर फवारा मारला. दोन्ही.

"अहो, हे काय केलंत! मला घरी जायचंय!"

"टेन्शन नका घेऊ मॅम, आठ तास टिकतो," ती अभिमानाने म्हणाली.

वहिनींचा चेहरा पार उतरला. रिक्षात त्या दोन्ही हात बाहेर काढून बसल्या होत्या, वाऱ्याने उडेल म्हणून. सोसायटीत उतरल्या आणि जिना न चढता थेट पार्किंगच्या नळाकडे गेल्या. "ताई, वरून आमचा साबण आणा. तुमचा नको, तुमचा वासाचा आहे. ह्यांना काही सांगू नका."

त्यांच्या घरी अंगाला, कपड्यांना, भांड्यांना एकच साबण होता. वाण्याकडे तो पिवळट लांब बार मिळतो ना, तोच. रिटायर झाल्यापासून तो कापायचं काम दादांकडे होतं. गॅलरीत पेपर पसरायचे आणि जाड दोऱ्याने सरळ वड्या पाडायचे. सुरीने भुगा पडतो आणि भुग्याने खोकला येतो, म्हणून दोरा.

मी बेल वाजवली. दादांनी दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरकून तोंडावर रुमाल धरला. मी म्हटलं, "दादा, साबणाची वडी द्या ना. वहिनींच्या हाताला रिक्षाचं ग्रीस लागलंय." दादांनी आतून वडी आणून दिली. "सगळं ग्रीस निघेपर्यंत घासायला सांगा," एवढंच म्हणाले. मी खूश. काय झकास थाप मारली म्हटलं! माझ्या स्वतःच्या ओढणीला दुकानातल्या निम्म्या बाटल्यांचा वास होता, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. चौथीतली पोरं माझ्यापेक्षा बरं खोटं बोलतात.

पुढचे काही दिवस वहिनी माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. मग एकदा जिन्यात मला अडवून, खाली-वर बघून, हळूच विचारलं, "ताई, ते दुकान रविवारी उघडं असतं का?"

तिथून सुरू झालं. पहिली बाटली घेतली आणि ती माझ्याकडे राहिली, कारण दुसरीकडे राहणार कुठे? माझ्या कपाटाचा एक खण वहिनींचा झाला. दुपारी दादांचा डोळा लागला की त्या वर यायच्या. गॅलरीत जाऊन मनगटावर एक फवारा, मग चहा. बसल्याबसल्या मनगट नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या, उघडायच्या. तासाभराने नळावर जायचं, घासायचं आणि माझ्याकडून तपासून घ्यायचं. नळाच्या मागे भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात त्या दिवशीची वडी तशीच राहिली होती, तीच वापरायच्या.

"वहिनी, लफडं तुमचं आणि खोली माझी," मी चिडवायचे.

"शूऽ! काहीतरी बोलू नका. आधीच पाप लागतंय मला." आणि हे त्या गमतीत म्हणत नसत. "ते खाली एकेक श्वास ओढून घेतात आणि मी इथे वर बसून चैन करते. लाज वाटते हो. रोज ठरवते, उद्या नाही जायचं."

उद्या यायच्याच. आणि आल्या की आदल्या दिवशीची भरपाई घरी झालेली असायची. नवीन बाटली घेतली की त्या संध्याकाळी दादांसाठी शेवयांची खीर. मेणबत्ती घेतली की छातीला कोमट तेल, पायाला तेल, आणि वर खीर. जिन्यात दादा भेटले तर म्हणायचे, "तुमच्या वहिनी हल्ली खिरीवर खीर करतात. काहीतरी चांगलं चाललंय म्हणायचं." मी जीभ चावून हसायचे.

मेणबत्ती कुठे लावायची? माझ्याच घरी. हळूहळू माझं सगळं घर वहिनींच्या ताब्यात गेलं. एक ती काड्या घातलेली बाटली असते, काड्या तेल पितात आणि खोलीभर वास सोडतात, ती आमच्या हॉलमध्ये आली. "हॉलमध्ये लिंबाचा ठेवा. गोड नको, पाहुण्यांना भूक लागते." बाथरूमला निलगिरी, कपाटात लव्हेंडरच्या पुरचुंड्या. नवरा ऑफिसातून आला की दारातच थांबायचा. "आज कुठलं हॉटेल?" एकदा वहिनी कोपऱ्यातलं टेबल सरकवताना म्हणाल्या, "आमच्याकडे असती ना, तर मी ही टीव्हीच्या खाली..." आणि पुढे बोलल्याच नाहीत. टेबल होतं तिथे परत सरकवलं.

दुकानात त्या कायम काहीतरी शोधत असायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाग फुलोऱ्यात येते तेव्हा एक वास येतो. अगदी हलका. द्राक्षाचा नाही, फुलाचा. ती फुलं दिसतसुद्धा नाहीत नीट. सकाळी वडिलांबरोबर बागेत गेलं की यायचा. तो कुठल्या बाटलीत आहे का बघते." खूप दिवसांनी अंजिराच्या नावाची एक हिरवी बाटली सापडली. पट्टी त्यांनी हुंगली, परत हुंगली. "आहे. सगळा नाही, पण शेवटी शेवटी थोडा आहे." त्या बाटलीचं नाव आम्ही फुलोरा ठेवलं.

नळावरच्या वडीचं एक राहिलं. मधे कधीतरी वहिनी हात धुता धुता म्हणाल्या, "तुमचं लक्ष असतं हो ताई, बारीक. न सांगता करता." माझं कुणी कौतुक केलं की मी कशाबद्दल ते विचारत नाही, पटकन घेऊन टाकते. "अहो, त्यात काय," म्हटलं. आणखी एकदा त्या दादांची तक्रार करत होत्या. "रिटायर माणसाला उद्योग नसला की बघा. चांगल्या वड्या पाडतात आणि मग त्यातल्या काहींचे परत दोन तुकडे करतात. म्हटलं, अर्धी कशाला? म्हणे, हातात नीट बसते." आम्ही दोघी हसलो.

गेल्याच्या गेल्या थंडीत नाशिकला हुडहुडी भरली होती. दादांच्या छातीत कफ झाला होता, औषधं चालू होती. त्या दुपारी वहिनी न्हाऊन, केस मोकळे सोडून वर आल्या. नवीन मेणबत्ती होती, चंदनाची. मीच लावली. शेजारी बसून दोघींनी तिची वात खाली जाईपर्यंत गप्पा मारल्या. नंतर नळावर मनगटं धुतली, मी तपासली, "नाही राहिला" म्हटलं. केसांचं आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा श्वास अडकला. रिक्षात आम्ही तिघं, मधे दादा. त्यांना बसवत नव्हतं. त्यांनी वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकवलं, अगदी केसांजवळ. वहिनी अंग चोरून पलीकडे सरकत होत्या, पण रिक्षात सरकणार किती? दादांचं डोकं तिथेच राहिलं. मला वाटलं, बायको घाबरलीय. घाबरलीच होती, पण कशाला ते मला नंतर कळलं.

दवाखान्यात गेलेले दादा परत आले नाहीत. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. छातीत इन्फेक्शन पसरलं होतं, आठवडाभर आधीपासूनचं, त्यात हृदय थकलेलं. मी ते वहिनींना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना कुठे माहीत आहे मी वर येऊन काय करायचे ते? केस धुवायचे राहिले, ताई."

मेणबत्ती माझ्या घरात, माझ्या काडेपेटीने लागली होती. मी ते वहिनींना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला दमा नाही. तुम्हाला काय माहीत असणार? मला माहीत होतं."

गंगेवर दहावा झाला. घरी दादांच्या फोटोला हार घातला, नात्यातल्या कुणा बाईने समोर उदबत्ती लावली. वहिनी आतून आल्या आणि चिमटीत धरून ती विझवली. बोट भाजलं असणार. ती बाई म्हणाली, "अहो काकू, आता फोटोला काय होतंय?"

"त्यांना चालत नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. मी चहाला बोलवायचे, त्या "बघू" म्हणायच्या. फोडणीच्या वेळेला मात्र अजून गॅलरीचं दार ओढल्याचा आवाज यायचा. गॅलरीत कुणी नाही आणि दार बंद. तो आवाज आला की मला आमच्या हॉलमधल्या लिंबाच्या काड्यांचाही राग यायचा. मी ती बाटली उचलून माळ्यावर टाकली. नवरा दोन-चार दिवसांनी म्हणाला, "घर अगदीच साधं वाटतंय." मी त्याच्यावर खेकसले.

मग गल्लीत द्राक्षांच्या गाड्या यायला लागल्या. एका दुपारी बेल वाजली. दारात वहिनी. बसल्याही नाहीत. "तो आहे का? फुलोरा?"

मी धावत जाऊन बाटली आणली. गॅलरीत गेल्या, मनगटावर एकच फवारा मारला आणि तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चहा घेतला. उठल्या आणि खाली निघाल्या. मी मागोमाग.

"वहिनी, आता कशाला धुताय? घरी कोण आहे?"

"घर त्यांचंच आहे ना."

त्यांनी कोनाड्यात हात घातला. बोटाला चिकटून आला तो साबणाचा पापुद्रा, वाळून चिरा पडलेला. त्याला फेससुद्धा येईना.

"वडी संपली बघा," वहिनी म्हणाल्या. "या वेळी ठेवायची विसरलात तुम्ही."

"मी? मी कुठे ठेवायचे? तुम्हीच ठेवायच्या ना?"

"मी एकदाही नाही ठेवली. मला वाटायचं, तुम्ही वाण्याकडून आमच्यासारखाच साबण शोधून आणता. मी म्हटलंसुद्धा होतं तुम्हाला, तुमचं लक्ष असतं म्हणून."

नळ चालूच होता. मी बंद केला. वहिनींनी तो पापुद्रा ओल्या तळहातावर धरला होता आणि त्याच्या सरळ कापलेल्या कडेकडे बघत होत्या. मग माझ्याआधी त्याच जिना चढल्या. दार उघडं टाकून थेट गॅलरीत.

गॅलरीच्या कोपऱ्यात दादांचा साबणाचा डबा होता, दादा गेल्यापासून कुणी न उघडलेला. अंगासाठी, कपड्यांसाठी वहिनी वरच्या फळीवरच्या वड्या वापरत होत्या. डब्यात वर पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळलेला दोरा. खाली अर्ध्या वड्या, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. अख्खी एकही नाही. शेजारी दादांची खुर्ची, अजून रस्त्याकडे पाठ आणि पार्किंगकडे तोंड करून. वहिनी तीत बसल्या. मी कठड्यावरून खाली पाहिलं. नळ बरोबर समोर होता.

मला रिक्षाचं ग्रीस आठवलं. रुमाल आठवला. "सगळं ग्रीस निघेपर्यंत घासायला सांगा." मी ते सगळं वहिनींना सांगितलं. सांगताना मला रडू यायला लागलं, त्यांना नाही.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "हे झोपले म्हणून मी वर जायचे आणि हे इथे येऊन बसायचे. वडी झिजली की सकाळी फिरायला जाताना खाली ठेवून यायचे." मग म्हणाल्या, "ताई, केसांचंही माहीत असेल का हो त्यांना? रिक्षात?"

"असेल," मी म्हटलं. "वास त्यांना आपल्या दोघींच्या आधी कळायचा."

"मग डोकं का नाही बाजूला केलं?"

तेव्हा वहिनींना रडू फुटलं. दादा गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि त्या मधेच बोलत होत्या, तुटक तुटक. "मी चोरून केलं हो सगळं. वास घेतला त्याचं नाही वाटत आता. लपवलं त्याचं वाटतं. सांगितलं असतं तर याच खुर्चीवरून विचारलं असतं, आज कुठला लावलास गं? लांबून का होईना. तेवढं तरी बोललो असतो."

माझं मन मला अजून खातं. खोटं बोलायला त्यांना मदत मी केली. "सांगून टाका की दादांना," असं मी एकदाही म्हटलं नाही. चोरीत मजा होती आणि मजेत मीही होते.

या दिवाळीच्या आधी वहिनींची पुण्याला दिलेली मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. बाकीच्या बाटल्या त्या माझ्याच खणात ठेवून गेल्या. "तुम्ही वापरा," म्हणाल्या. मला अजून जमलेलं नाही. फुलोरा तेवढा पर्समध्ये घातला. निघायच्या दिवशी घराला कुलूप लावलं आणि तिथेच दाराबाहेर उभं राहून दोन्ही मनगटांवर फवारा मारला. पहिल्यांदाच, आपल्या मजल्यावर.

मुलगी गाडीत सामान ठेवत होती. वहिनी जिना उतरल्या आणि सवयीने नळापाशी थांबल्या. हातात आता एकेकच बांगडी होती, ती वर सारली. कोनाड्यात अर्धी वडी होती. डब्यातलीच, मी आणून ठेवलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नळाला हात लावला नाही. मनगट माझ्यापुढे धरलं.

"बघा बरं ताई, राहिलाय का?"

मनगट कोरडं होतं. मी वाकून वास घेतला.

"राहिलाय."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.